परग्रहवासीयाचे शरीर आणि जोतीरावांचा प्रश्न

परग्रहावरून आलेल्या जीवाला सांधे असतात काय, तो श्वास कशाने घेतो, खातो काय आणि पचवतो कुठे, असले प्रश्न चळवळीच्या त्रैमासिकात कशासाठी? एका कार्यकर्त्या मित्राने हा आक्षेप घेतलाच. नामांतरापासून खैरलांजीपर्यंत ज्या समाजाने एवढे सोसले, त्याने चित्रपटातील रबरी बाहुल्यांची हाडे मोजत बसावे हा निव्वळ चंगळवाद आहे, असे त्याचे म्हणणे. आक्षेप वजनदार आहे, पण टिकणारा नाही. कल्पित शरीराची हाडे मोजण्याचे काम आपल्याकडे १८७३ साली झाले आहे, आणि ते करणारा माणूस महात्मा जोतीराव फुले होता.

'गुलामगिरी'चे पहिले प्रकरण पुन्हा एकदा उघडून पाहावे. धोंडिबा आणि जोतीराव यांचा तो संवाद आहे. ब्राह्मण ब्रह्मदेवाच्या मुखातून, क्षत्रिय बाहूंतून, वैश्य मांड्यांतून आणि शूद्र पायांतून जन्मले, ही पुरुषसूक्तापासून चालत आलेली कथा जोतीराव श्रद्धेचा विषय म्हणून हाताळत नाहीत आणि रूपक म्हणून सोडूनही देत नाहीत. ते सरळ शरीराचे प्रश्न विचारतात. मुखातून मूल झाले तर गर्भ कुठे राहिला? नऊ महिने तो कोणी वाहिला? चार ठिकाणांहून प्रसूती झाली तर चार ठिकाणी योनी हवी; मग दर महिन्याला चारही ठिकाणचा विटाळ धरून ब्रह्मदेवाला किती दिवस बाजूला बसावे लागत असेल? सावित्रीसारखी बायको घरात असताना ह्या गृहस्थाने बाळंतपणाचा भार स्वतःच्या अंगावर का घेतला? पुढे मत्स्यावताराकडे वळल्यावर ते मासा आणि माणूस यांच्या अवयवांतील, आहारातील आणि पिलावळीच्या रीतीतील फरक पुढे ठेवतात. मासळी अंडी घालते, बाई मूल प्रसवते. मग माशाच्या पोटी आलेला अवतार पाण्यातून काठावर जगला कसा? वाचक हसतो. पण ह्या विनोदाखाली एक कठोर पद्धत आहे. समाजाची उतरंड ज्या शरीरावर उभी केली आहे, ते शरीर मुळात जगू शकते काय, हे आधी पाहा, असे ती पद्धत सांगते.

ही पद्धत जोतीरावांच्याही आधीची आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात भगवान बुद्ध दोन ब्राह्मण तरुणांना गवत, झाडे, किडेमुंग्या, साप, मासे, पक्षी अशी ओळीने उदाहरणे देतात. प्रत्येक जातीच्या शरीरावर तिची खूण आहे. माणसाच्या मात्र केसांत, कानांत, डोळ्यांत, नाकात, ओठांत, हातापायांत अशी जन्मजातीची खूण सापडत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' ह्या ग्रंथात तोच मुद्दा आकड्यांनी मांडला. रिझली नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने नाकाची रुंदी मोजून समाजातील पायरी ठरते असा सिद्धांत केला होता. बाबासाहेबांनी नासिकांकाची ती मोजमापेच हाती घेतली आणि दाखवून दिले की त्यांच्यावर विश्वास ठेवायचा असेल तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. शरीराची साक्ष काढण्याची ही अशी परंपरा आपल्या हाती आहे. तेव्हा चित्रपटातील परग्रहवासीयाची उलटतपासणी करायचा अधिकार आपल्याला नाही तर कोणाला?

उलटतपासणीचा नियम मात्र आधी ठरवला पाहिजे. 'खरे वाटते' म्हणजे काय? प्रस्थापित चित्रपटसमीक्षा ह्याचे उत्तर डोळ्यांनी देते. कातडे ओले दिसले, पापणी हलली, सावली नीट पडली की जीव खरा वाटला. हे कारागिरीचे कौतुक झाले. शरीर खरे वाटायला त्याला इतिहास असावा लागतो. ते कोणापासून आले, काय खाऊन वाढले, कोणत्या अडचणीतून वाट काढत असे झाले, हे त्याच्या हाडांत दिसावे लागते.

हे समजायला दूर जायला नको. कळव्याच्या खाडीला ओहोटी लागली की चिखलावर निवटी दिसते. मासाच आहे, पण पाण्याबाहेर छातीच्या परांवर सरपटत चालते, उड्या मारते, ओल्या कातड्याने आणि तोंडाच्या आतल्या अस्तराने हवेतून श्वास घेते, कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते. डोळे डोक्यावर, बेडकासारखे. हा जीव कोणी चित्रपटात दाखवला असता तर आपण त्याला थाप म्हटले असते. तो खरा आहे, कारण त्याच्या अंगावरची प्रत्येक विचित्र गोष्ट भरतीओहोटीने त्याच्याकडून वसूल केलेली आहे. त्याच चिखलातल्या चिंबोरीचे रक्त निळसर असते, कारण ते लोखंडाऐवजी तांब्याच्या आधारे प्राणवायू वाहते. माणसाचे दोन हात आणि दोन पाय हेदेखील कोणा शिल्पकाराची आवड नव्हे. सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी ज्या माशांची पिलावळ जमिनीकडे वळली, त्यांना परांच्या दोन जोड्या होत्या, म्हणून बेडकाला, चिमणीला, म्हशीला आणि आपल्याला चारच अवयव मिळाले. बोटे पाचच का? त्या आद्य चतुष्पादांत सात आणि आठ बोटांचे प्राणीही होते; ते टिकले नाहीत एवढेच. जिराफाच्या स्वरयंत्राकडे जाणारी नस मेंदूतून निघून थेट वळत नाही, छातीपर्यंत खाली जाऊन पुन्हा वर येते. कोणी आखून केले असते तर असा मूर्खपणा केला नसता. वारसा मिळालेल्या शरीरात असे वळसे असतात. हुकमाने बनवलेल्या शरीरात ते नसतात, आणि तिथेच ते पकडले जाते.

हे ज्ञान कोणाकडे होते हाही प्रश्न आहे. १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्तांनी प्रेताचे विच्छेदन केले, ही भारतीय वैद्यकातील क्रांती म्हणून शिकवली जाते. उच्चवर्णीयाने प्रेताला हात लावला ही ती क्रांती. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मेलेली ढोरे ओढली, सोलली, ज्यांना सांधा कुठे सुटतो आणि आतडे कुठे वळते हे अंधारातही कळत होते, त्यांच्या ज्ञानाला विटाळ हे नाव मिळाले. बाबासाहेबांनी ते काम सोडायला सांगितले ते योग्यच; पण ते करणाऱ्यांना शरीर माहीत होते हे विसरण्याचे कारण नाही. आज कळव्यातच महानगरपालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आपली मुले-मुली शरीररचनाशास्त्र पुस्तकातून शिकतात. राज्यात १९४९ चा शरीररचनेचा कायदा आहे. त्याच्या आधारे बेवारस प्रेते अभ्यासासाठी महाविद्यालयांना मिळतात. बेवारस कोण असतो, हे वेगळे सांगायला नको.

आता चित्रपटांकडे येऊ. रिडली स्कॉट यांच्या १९७९ च्या 'एलियन'मधला जीव माणसाच्या छातीतून बाहेर पडतो तेव्हा वीतभर असतो आणि काही तासांत माणसापेक्षा उंच होतो. मधल्या वेळात तो काय खातो हे कोणी दाखवत नाही. वजन हवेतून येत नाही. आपल्या कोणत्याही घरातली आई हे सांगेल. भीती वाटते ती चित्रकार गिगर यांच्या आरेखनामुळे, शरीरामुळे नव्हे. पण ह्या चित्रपटातली मला खटकणारी गोष्ट कातड्याच्या आत आहे. त्या पोशाखात बोलाजी बडेजो नावाचा नायजेरियन तरुण होता. उंची जवळजवळ सहा फूट दहा इंच, लांब सडपातळ हातपाय. लंडनच्या एका पबमध्ये तो दृष्टीस पडला आणि राक्षसाला शरीर मिळाले. त्याचा चेहरा प्रेक्षकांनी कधी पाहिला नाही. १९८७ च्या 'प्रिडेटर'मध्येही कातड्याच्या आत कृष्णवर्णीय अमेरिकन नट होता, केव्हिन पीटर हॉल. १९८२ च्या 'ई. टी.'मधल्या लाडक्या जीवाच्या काही दृश्यांत पाय नसलेला, हातांवर चालणारा बारा वर्षांचा मुलगा होता. परका जीव माणसासारखा का दिसतो याचे पहिले उत्तर इतके साधे आहे: आत माणूस असतो. कोणता माणूस आत घातला जातो, हे दुसरे उत्तर, आणि ते साधे नाही.

जेम्स कॅमेरून यांच्या २००९ च्या 'अवतार'मध्ये पँडोरा उपग्रहावरचे बहुतेक प्राणी सहा पायांचे आहेत. तिथले निळे आदिवासी मात्र आपल्यासारखे दोन हात, दोन पायांचे. मग ते कोणाचे वंशज? एका माकडासारख्या प्राण्याचे वरचे हात कोपरापर्यंत जुळलेले दाखवून सांधा जोडायचा प्रयत्न केला आहे. तो प्रामाणिक आहे, पण अपुरा. प्रेक्षकाने नायिकेवर प्रेम करावे म्हणून तिचे दोन हात काढून घेतले, हे खरे कारण. चित्रपटाचे नाव जिथून आले त्या अवतारकथांना जोतीरावांनी काय विचारले होते, ते वर आलेच आहे.

परक्यांची चूक दाखवणे सोपे असते. आपल्या मुंबईच्या हिंदी चित्रपटाचे काय? राकेश रोशन यांचा 'कोई... मिल गया' २००३ मध्ये आला आणि महाराष्ट्रातल्या लहान गावांपर्यंत पोरांनी 'जादू'ला आपला मानला. त्याचा पोशाख ऑस्ट्रेलियात बनवलेला होता; आत इंद्रवदन पुरोहित हा बुटका नट. कथेतला शास्त्रज्ञ आकाशात संदेश धाडतो तो कोणता? संगणकावरून 'ओम्'चे वेगवेगळे नाद. विश्वाच्या पाठीवरच्या कोणत्याही जीवाला आधी हाच ध्वनी समजेल, अशी ही श्रद्धा आहे. स्वरयंत्र, टाळू, ओठ आणि नाकाची पोकळी ह्या माणसाच्या विशिष्ट घडणीतून हा ध्वनी निघतो. ज्याला ओठ नाहीत त्याला 'म्' नाही. मग परग्रहावर तो पोचला कसा? अपौरुषेय म्हटले की घशाची गरज राहत नाही, हे आपल्याला जुनेच माहीत आहे. ज्या ध्वनीच्या उच्चाराचा अधिकार ह्या देशातल्या बहुसंख्यांना नाकारला होता, तो तारकांपलीकडच्या जीवाला जन्मतः मिळाला.

'जादू' उन्हावर जगतो. कल्पना वाईट नाही. थोडे गणित करू. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे १००० वॅट ऊन पडते. त्या लहान अंगाची उन्हाकडची बाजू फार तर अर्धा चौरस मीटर धरू, म्हणजे ५०० वॅट. झाडाचे पान पडलेल्या उन्हातले एकदोन टक्केच साठवते. हाती राहिले दहा वॅट. नुसते पडून राहिलेल्या प्रौढ माणसाला ऐंशीएक वॅट लागतात. म्हणूनच झाडे धावत नाहीत. पानापेक्षा दसपट चांगले कातडे कल्पिले तर भागेल, तेही दुपारपुरते. आणि ढग आल्यावर 'जादू' निस्तेज होतो हे दाखवण्याइतका चित्रपट नक्कीच प्रामाणिक आहे. पण ऊन पिणारे कातडे दिसेल कसे? प्रकाश शोषून घेणारा पृष्ठभाग काळा किंवा काळपट असतो. छपरावरची सौर तावदाने पाहा. उन्हावर जगणारा जीव कोळशासारखा काळा हवा होता. पडद्यावर आला तो फिकट, निळसर. आपल्या दिनदर्शिकांवर ज्या देवाच्या नावाचाच अर्थ काळा आहे त्यालाही चित्रकारांनी निळा केला, त्याच हातांची ही सवय. (निळा आपल्या ध्वजाचाही रंग आहे, तो काळ्याची लाज झाकण्यासाठी आलेला नाही.) काळ्या 'जादू'ला भारतातल्या पोरांनी उचलून घेतले असते काय, हा प्रश्न निर्मात्यांच्या मनात आलाही नसेल.

ह्याहून गंभीर गोष्ट पुढच्या चित्रपटात आहे. रोहितला परग्रहवासीयाने बुद्धी आणि बळ दिले. २००६ च्या 'क्रिश'मध्ये तीच शक्ती त्याचा मुलगा कृष्णा याच्यात जन्मतः उतरते. आयुष्यात मिळालेला गुण रक्तातून मुलाकडे जात नाही, हे शाळकरी जीवशास्त्र आहे. जर्मनीत ऑगस्ट वाइसमान यांनी एकोणिसाव्या शतकात उंदरांच्या शेपट्या अनेक पिढ्या कापून पाहिल्या. पिल्ले शेपटीसह जन्मत राहिली. प्रयोगाचीही गरज नव्हती. आपल्या आयाबायांनी शेकडो वर्षे मुलींचे कान टोचले, एकही पोर भोके पडलेल्या कानांनी जन्माला आली नाही. परग्रहवासीयाने रोहितची बीजेच बदलली असे कोणी म्हणेल. तसे असू शकते; पण चित्रपटाला ह्या स्पष्टीकरणाची गरजच वाटत नाही आणि प्रेक्षकालाही वाटली नाही, हे लक्षात घ्या. बापाला वर मिळाला म्हणजे मुलगा गुणवान, हे इथे सिद्ध करावे लागत नाही. राखीव जागांच्या विरोधात 'मेरिट'ची भाषा बोलली जाते तिच्यातही हेच शरीरशास्त्र असते. विद्या चार पिढ्या एका घरात कोंडून ठेवायची आणि मग ती रक्तात आहे म्हणायचे. 'क्रिश'चे शरीर ब्रह्मदेवाच्या मुखाचे नातलग आहे.

राजकुमार हिरानी यांच्या 'पीके'ची (२०१४) गोष्ट वेगळी. त्यातला परग्रहवासी अंगोपांगांनी हुबेहूब माणूस आहे, कानांच्या पाळ्यांसकट. शरीररचनेच्या दृष्टीने ही सर्वांत अशक्य कल्पना. दुसऱ्या ग्रहावर, दुसऱ्या इतिहासातून, हेच शरीर पुन्हा घडणे म्हणजे फेकलेल्या अक्षरांतून 'गुलामगिरी' छापून निघण्यासारखे. तरीही शरीराविषयी सर्वांत नेमका प्रश्न ह्याच चित्रपटात आहे. पीके रुग्णालयात जाऊन नुकत्या जन्मलेल्या बाळांच्या अंगावर धर्माचा ठप्पा शोधतो. सापडत नाही. वासेट्ठ सुत्ताचा युक्तिवाद हिंदी चित्रपटाच्या प्रेक्षकासमोर एवढ्या सोप्या रीतीने कधी आला नव्हता, आणि त्याबद्दल कृतज्ञ असायला हरकत नाही. पण ठप्पा धर्माचाच शोधला जातो. जातीचाही ठप्पा अंगावर नसतो, तरी ती चालते. कळव्यात खोली भाड्याने घ्यायला गेलेल्या माणसाचे कोणी अंग तपासत नाही; आडनाव विचारतात. पीकेला आडनाव नाही, आणि संपूर्ण चित्रपटात ते नसल्याची अडचण त्याला कुठेच होत नाही. असा माणूस भारतात दोन दिवस राहू शकेल हे त्याच्या शरीराहूनही अशक्य आहे.

त्याला भाषा मिळते ती हाताच्या स्पर्शातून. तो रस्त्यात बायकांचे हात धरू पाहतो, लोक त्याला मारायला धावतात. शेवटी सहा तास हात धरू देणारी व्यक्ती भेटते ती एक वेश्या, आणि तिची भोजपुरी घेऊन तो दिल्लीला जातो. स्पर्श हाच ज्या समाजात कायद्याचा आणि धर्माचा प्रश्न होता, तिथे ज्ञान स्पर्शातून वाहते ही कल्पना केवढी स्फोटक आहे! चित्रपटाने तिचा उपयोग हशा पिकवण्यासाठी केला. कोणाचा हात उपलब्ध असतो, हे मात्र त्याने नकळत बरोबर सांगितले. तिची भाषा घेतली जाते, ती स्वतः कथेत मागे राहते.

ह्या सगळ्यांपेक्षा आपल्या कार्यकर्त्यांनी पाहावा असा चित्रपट 'डिस्ट्रिक्ट नाइन' (२००९). नील ब्लोमकँप यांनी त्यात परग्रहवासीयांचे जहाज न्यूयॉर्कवर आणले नाही, जोहान्सबर्गवर आणले. जहाजातून उतरले ते भुकेले, आजारी निर्वासित. त्यांना कुंपणाच्या छावणीत ठेवले जाते, लोक त्यांना 'कोळंबी' म्हणून हिणवतात, आणि मग सरकार त्यांना शहराबाहेर हलवायला निघते. नावात केप टाऊनच्या डिस्ट्रिक्ट सिक्सची आठवण आहे. १९६६ मध्ये तो भाग गोऱ्यांसाठी राखीव जाहीर करून तिथल्या लोकांना उठवले गेले. दिग्दर्शकाच्या २००५ च्या लघुपटात तर रस्त्यावरच्या खऱ्या माणसांना झिंबाब्वेतून आलेल्या निर्वासितांविषयी विचारले होते आणि ती उत्तरे परग्रहवासीयांविषयी म्हणून दाखवली. शब्द बदलावे लागले नाहीत. पारसिकच्या उतारावरच्या वस्त्यांविषयी खालच्या इमारतींत जे बोलले जाते, ते ऐकणाऱ्याला हे नवे वाटणार नाही.

शरीर म्हणून ही 'कोळंबी' फारशी टिकत नाही. सांध्यांचे पाय, कवच आणि तोंडाभोवतीचे लोंबते अवयव एवढ्या उंचीला पेलणे कठीण. उंची दसपट केली तर वजन हजारपट होते आणि पायाच्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपटच, हा हाल्डेन यांनी १९२६ च्या निबंधात सांगितलेला हिशेब इथेही लागू आहे. दुसऱ्या रसायनातून घडलेल्या जीवाला आपल्या मांजरांचे डबाबंद खाणे पचेलच असेही नाही. एका द्रवाच्या शिंतोड्याने माणसाचा हात त्यांच्या हातासारखा होतो, ही तर चक्क जादू. पण ह्या शरीरांना इतिहास आहे, जैविक नसेल, सामाजिक आहे. ते कचऱ्यातून खातात, कारण त्यांना तेवढेच सोडले आहे. अंगावर सापडलेले कपडे चढवतात. आणि विकस नावाचा कंपनीचा कारकून, जो हसत हसत त्यांची अंडी जाळतो, त्याचा डावा हात बदलायला लागताच त्याचे सहकारी त्याला टेबलावर बांधून तुकडे करायला निघतात. एक अवयव बदलला की माणूस माणसांतून उठतो. हे दृश्य पाहताना अस्पृश्यतेवरचे व्याख्यान देण्याची गरज पडत नाही.

तरीही ह्या चित्रपटाला पूर्ण माफी देता येत नाही. छावणीत धंदा करणारी जी टोळी दाखवली आहे ती नायजेरियन. तिचा म्होरक्या परग्रहवासीयांचे मांस खाऊन त्यांचे बळ मिळेल असे मानतो. परक्या जीवाकडे माणूस म्हणून पाहायला शिकवणारा दिग्दर्शक खऱ्या देशातल्या खऱ्या माणसांना नरभक्षक जादूटोणेवाले करून सोडतो. १९७९ मध्ये निदान रबराचे कातडे तरी चढवावे लागले होते. नायजेरियाच्या सरकारने त्याच वर्षी हरकत घेतली, चित्रपटगृहांना प्रदर्शन थांबवायला सांगितले. हरकत रास्त होती, बंदी मात्र मला पटत नाही. वसतिगृहांत, अभ्यासवर्गांत हा चित्रपट लावावा, आणि त्या टोळीच्या दृश्याशी थांबवून मुलांना विचारावे की हे शरीर कोणी बनवले.